लांडग्याचा वाटा

सोलापूर, रविवार

चि. सिद्धरामास आक्काचा आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीतलं लांडग्याचं प्रकरण काल आईला वाचून दाखवलं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. आधी काळजी सोड. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली, पाणी अजून येतं. डॉक्टर म्हणतात, येणारच.

तुझ्या कादंबरीत शहरातला डॉक्टर सुसंस्कृत, आणि मेंढपाळ रानटी. कोकरू उचलणाऱ्या लांडग्याला तो काठीने ठेचून मारतो. बी.ए.ला आमच्या गाईडमध्ये पात्रांचे असेच दोन रकाने असत. तू गाईड लिहीत नाहीस.

आईने विचारलं, "ह्यो बाप्या कोन? तुमचं अण्णा जलमभर मेंढरामागं, पर कोकरू गेलं की म्हनायचे, त्येचा वाटा त्येनं नेला."

मी म्हटलं, "गोष्ट आहे, आई. खरं नसतं ते."

"मग तर सोपं हाय की. गोष्टीतल्या लांडग्याला सोडाया सिद्धूचं काय जातंय? त्येचीबी पिल्लं असतील."

मग ती बराच वेळ डोळे टिपत होती. ते पाणी ऑपरेशनचंच, असं मी धरून चालले आहे.

छापायला देण्याआधी पुन्हा लिही. छोट्या सोनालीचा खोकला थांबला का? आई इकडे आहे तोवर मेंढरं कोण बघतं?

तुझी,
आक्का

गावाकडे येणाऱ्या धुळाप्पाच्या हाती दिलं: तुझी कादंबरी, शेंगाचटणीचा डबा आणि आईने आधाराला आणलेली अण्णांची काठी. ती म्हणते, मला आता दिसतंय, लिहिताना सिद्धूजवळ असू दे.