लॅपटॉपला मागणी नाही

३ फेब्रुवारी
कॉलेजच्या ग्रंथालयाला वीस लॅपटॉप आले. ज्या मुलांकडे कॉम्प्युटर नाही, त्यांना घरी न्यायला द्यायचे. प्राचार्य म्हणाले, डिजिटल समानता आता ग्रंथपालांच्या हाती. छाती फुगली. संकल्प: एकही मूल मागे राहणार नाही. लॅपटॉप तूर्त कपाटात, कुलूप लावून. मुलांचा काय भरवसा!

५ फेब्रुवारी
नियमावली तयार. योजना डिजिटल, तेव्हा अर्जही ऑनलाइनच. सहायक मॅडमनी विचारलं, कॉम्प्युटरच नाही तो अर्ज कशावर करणार? बाईंना खुसपट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

९ फेब्रुवारी
एकही अर्ज नाही. चांगलं लक्षण.

१२ फेब्रुवारी, सकाळी
तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. वीस तारखेपर्यंत प्रोजेक्ट अपलोड झाला नाही तर वर्ष जाईल म्हणाली. घरात एकच फोन, तोही वडील कामावर नेतात. प्रेमाने नियम समजावला. मग कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून अर्ज भरू का, म्हणाली. तो फक्त पुस्तकं शोधायला आहे, तसा बोर्डच लावलाय. मैत्रिणीचा लॅपटॉप घे आणि त्यावरून लॅपटॉपसाठी अर्ज कर, असा मार्ग मीच सुचवला. दुसऱ्या कुणी हाकलूनच दिलं असतं.

दुपारी
मॅडम म्हणाल्या, नियम गुंडाळून ठेवा आणि देऊन टाका. वा! आज एकीला दिला की उद्या सगळेच मागतील.

१६ फेब्रुवारी
अर्ज आला! तिचाच. फार आनंद झाला. पण ओळखपत्राचा फोटो आडवा. नामंजूर करावा लागला. तिला हेलपाटा नको म्हणून ईमेलनेच कळवलं.

१८ फेब्रुवारी
तिचं उत्तर नाही. देव आला द्यायला आणि पदर नाही घ्यायला. वार्षिक अहवाल लिहिला: 'लॅपटॉपला मागणी शून्य, सबब सर्व विद्यार्थी डिजिटलदृष्ट्या सक्षम.' नामंजूर अर्ज मोजायचा नसतो. बायकोला वाचून दाखवायला घेतलं. गॅस बंद करून येते म्हणाली, ती आलीच नाही.

२१ फेब्रुवारी
प्राचार्यांनी माझा अहवाल आयुष्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, मागणीच नाही तर अडवून कशाला ठेवायचे? दुपारी टेम्पो आला. सगळे लॅपटॉप दुसऱ्या कॉलेजात गेले. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. इतकी निगा कुणी राखली असती? कौतुकाचा एक शब्द नाही.

मॅडमनी सांगितलं, त्या मुलीचं वर्ष गेलं. सकाळी येऊन पुस्तकं परत करून गेली म्हणे. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पुढच्या वर्षी पहिला लॅपटॉप तिलाच, असं मी मॅडमना ठणकावून सांगितलं.

कुठला, असं त्यांनी विचारलं.

डोकं दुखत होतं. लवकर घरी आलो.