आईने लपवलेली भाकरी

रविवार, दिवेलागणीला

आज कळंबला उपासनेत पाळक म्हणाले, "येशू परिपूर्ण आहे, म्हणूनच तो आपल्याला पुरतं समजून घेतो. त्यालाही त्याच्या माणसांनी ओळखलं नव्हतं." तो मेलेल्यांतून उठला, तेव्हा कबरीपाशी त्याच्या शिष्येला, मरीयेला, तो माळीच वाटला. ऐकून एकदम बरं वाटलं. म्हणजे माझं त्याला कळत असणार.

निरगुडसरला घरी येईपर्यंत ते टिकलं. आईला जेवायला वाढलं, तर तिनं अर्धी भाकरी मोडून पदरात लपवली. कुणासाठी गं, विचारलं.

"माझ्या लेकीला. ती अजून आली न्हाई."

"आई, मीच ती. शैला."

"तुमी न्हाई, बाई. माझी शैला लई लहान हाय."

येशूनं मात्र मरीयेला एकदाच नावानं हाक मारली आणि तिनं ओळखलं. एकदाच! मी दिवसभर आई, आई करते. मग माझं त्याला खरंच कळतं? कळत असेल. त्यावर विश्वास आहे माझा, अजून आहे. पण कळून पुढे काय? आई काही परत यायची नाही.

प्रार्थनेला बसले, तरी डोळ्यांपुढे ती पदरातली भाकरीच. आमेन म्हणायच्या आत आईनं हाक मारली, "ओ बाई." पदर सोडून तिनं भाकरी माझ्या हातात ठेवली. "तुमी भल्या दिसता. वाटंत भेटली तर तिला द्या. भुकेली असंल."

"देते हं, आजी," म्हणाले.