बँकेचा कायदा आणि मृण्मयी

मंगळ, १४ जून २००५
सगळं बदललं ते आज दुपारी, हेगच्या संसदेत मतदानाची घंटा वाजली तेव्हा. चांगली मिनिटभर वाजत होती. मी वर, प्रेक्षकांच्या गॅलरीत. खाली बँकांवरच्या देखरेखीचा नवा कायदा. पाच महिने मागावर आहे त्याच्या. कलमं, दुरुस्त्या, समितीचे कागद. पुण्याहून आलेल्या शिरीषदादाच्या सॉफ्टवेअर टीममध्ये डच येणारा मी एकटाच (शाळा इथल्याच हार्लेम गावात झाली म्हणून). एरवी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेल्याला कोण विचारतंय. कायदा आला तर बँकेचं सॉफ्टवेअर बदलायचं, म्हणजे टीम अजून दोन वर्षं इथेच. नाही आला तर ऑक्टोबरात सगळे पुण्याला परत. सगळे म्हणजे मृण्मयी. बाकीच्यांचं मला काय.

वाटलं होतं, राडा होईल. कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. अध्यक्षांनी विचारलं, एकेका पक्षाचे हात वर गेले. बस. एवढ्या बँका, काचेचे एवढे मनोरे, आणि त्यांना वाकवायला नुसते हात. अंगावर काटा आला. मंजूर.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

काळ्या कोटातला शिपाई शेजारी येऊन वाकला. "इथे टाळ्या वाजवत नाहीत, साहेब." कॉलेज सोडताना सरांना जे बोललो तेच याला बोलणार होतो. पण हात खाली घेतले. साहेब म्हणाला तो मला.

बुध, १५ जून
दादा : "अभ्या, टाळ्या? तमाशाला गेला होतास का?" हसत होता पण.
अजून वरचं सभागृह बाकी आहे. कँटीनमध्ये मृ.ला समजावलं. वरच्यांना एक शब्द बदलता येत नाही. घ्यायचा तर अख्खा, नाहीतर अख्खा नाकारायचा.
"कांदेपोह्यांसारखंच की," मृ. म्हणाली.
कॉफी सांडली माझी. नंतर दिवसभर तेच डोक्यात.

शनि, २ जुलै
मृ.बरोबर सायकलने लायडस्खेनडामपर्यंत. कालव्याकाठी म्हणालो, "दोन वर्षं मिळणार बघ तुला."
ती सायकलवरून उतरली. "मी मागितलीत का?"
मग सगळं कळलं. तिची आई साताऱ्याला एकटी, डोळ्यांचं ऑपरेशन लांबवत बसलीय. ही मनातून कायदा पडायची वाट बघतेय, आणि मी तिकडे टाळ्या...
"तू इतका खूश असायचास. सांगवेना रे."
भडकलो. आधी का नाही बोललीस वगैरे, भर रस्त्यात. ती सायकलवर बसून निघून गेली. चूक माझी. हात वर करून बोलायला मला कधी येणार.

सोम, २६ सप्टें.
तीन महिने नुसतं हाय-बाय. आज मृ.चा एसेमेस : उद्या हेगला येते. खाली थांबेन. काय होतंय ते तुझ्याकडून ऐकायचंय.
दादा : "मतदान झालं की मला लगेच फोन. वेबसाइटवर संध्याकाळी येतं, आपल्याला दुपारी हवंय."

मंगळ, २७ सप्टें.
वरच्या सभागृहाचं छत बघतच राहिलो. देशोदेशीची माणसं रंगवलीत, कठड्यावरून वाकून खाली बघतायत. माझ्यासारखीच. कोण कुठून आलंय, काय होईल म्हणून बघतंय.

इथे हात वर करत नाहीत. बाजूने असाल तर उभं राहायचं.

माझ्या एकदम लक्षात आलं. आठ महिने तिला थांबवा म्हणून मी या लोकांकडे मागतोय. तिच्याकडे एकदाही नाही, थांबशील का म्हणून. कायदा पडला तरी विचारायचंच होतं. मंजूर झाला तरी. ती पुण्याला गेली तर मीपण येऊ का, हेही. मग निकालाला कशाला थांबायचं? ती खाली उभी होती.

अध्यक्षांनी पुकारलं. पहिल्या बाकावरच्या पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. मागे कोण कोण उठलं, मोजलं नाही. दादा सोलून काढेल. मीपण उठलो. शिपाई बघत होता. तोच की दुसरा, कोण जाणे. बाहेर आलो. कॉलेजातलं दार आपटून निघालो होतो. हे हँडल धरून, आवाज न करता लावून घेतलं.