पुलावरचा बंदोबस्त

९ ऑक्टोबर १९५४, सकाळ

काल संध्याकाळी ऑफिसातून घरी, छत्रीबागेत परत येताना खान नदीच्या पुलावर गेंदा उस्तादनं अडवलं. गेंदा म्हणजे आमच्या भागातला नामचीन गुंड. हातात चाकू. खिशातलं घड्याळ मागितलं. मी दिलं नाही. पुरावा म्हणून त्याच्याकडे राहू दिलं. चोरीचा माल चोराजवळच सापडावा लागतो. पायातले पंपशूही त्याच कारणासाठी.

अनवाणी घरी आलो. पायांना मोकळी हवा हवी असते, असं बायकोला, शांताला सांगायचं ठरवलं होतं. पण बातमी माझ्या आधी घरी पोचलेली. आमची गल्ली बातमी पोचवण्यात तारखात्याच्या पुढे आहे.

निश्चय: आठवड्याच्या आत गेंदाचा बंदोबस्त. तोपर्यंत आमच्या मुलीचं, कमलचं, ट्रेनिंग क्लासला जाणं बंद. तिचा रस्ता त्याच पुलावरून. कमल म्हणाली, "आबा, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मग मी मास्तरीण कशी होणार?" मी म्हणालो, आठवड्याचा तर प्रश्न. जगदाळ्यांच्या घरात जन्मलीस, जरा धीर धर. शांता डबा भरायला उठली. तिला पटलं असावं.

१० ऑक्टोबर

चौकीवर गेलो. हवालदार मिसरजी भजी खात होते. सगळा प्रसंग सांगितला. त्यांनी विचारलं, माणूस ओळखता? म्हटलं, चांगलाच, गेंदा उस्ताद. मिसरजींनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "नाम मालूम है तो जान-पहचान हुई ना साब. ये तो आपस का मामला है. चोर वो, जिसको कोई जानता नहीं."

मी कायदा सांगायला लागलो. त्यांनी भजी पुढे केली. नको म्हणणं असभ्य दिसलं असतं. तक्रार लिहायची राहून गेली.

होळकर सरकारच्या वेळी असं नव्हतं. तेव्हाही तक्रार घेत नसत, पण भजी द्यायची हिंमत नव्हती.

१२ ऑक्टोबर

वर जायचं ठरवलं. पोलीस खात्याच्या मोठ्या साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला. मी स्वतः बांधकाम खात्यात हेडक्लार्क, तेव्हा ड्राफ्टिंगला कोणी नाव ठेवणार नाही. अर्ज घेऊन गेलो तर सगळं ऑफिस पेट्यांत भरलेलं. सरकार दरवर्षीप्रमाणे हिवाळ्यासाठी राजधानी हलवून ग्वाल्हेरला निघालं. तिथला बाबू खिळे ठोकत होता. म्हणाला, "भिया, साब तो निकल लिए. गर्मी में आना, सरकार वापस आएगी तब देखेंगे."

म्हणजे गुंड बारा महिने इंदुरात आणि सरकार निम्मंच वर्ष. अर्ज पेटीत टाकून आलो. ग्वाल्हेरला कोणीतरी वाचेलच.

सध्या ऑफिसातून लांबच्या पुलाचा वळसा घेऊन येतो. पायी चालणं तब्येतीला चांगलं. घाबरण्याचा संबंध नाही.

१४ ऑक्टोबर

पहाटे दंड मारायला सुरुवात. दोन मारले. तिसऱ्याला पाठ बोलली. उद्या जास्त मारीन.

संध्याकाळी शेजारचे श्रीकृष्णराव आले. रिटायर्ड मास्तर, स्वभावानं भित्रे. त्यांच्या आतेभावाची गोष्ट सांगितली. बेटम्याच्या बाजारात त्यानं पाकीटमाराची कॉलर धरली. पाकीटमारानं मांडीत चाकू खुपसला. पोलीस आले आणि जबानीसाठी आतेभावालाच रात्रभर बसवून ठेवलं. पाकीटमार घरी जाऊन जेवला. आतेभाऊ अजून लंगडतो. श्रीकृष्णराव म्हणाले, "दौलतराव, घड्याळ गेलं तर गेलं. पोरीला कोणाची तरी सोबत बघून द्या आणि गप्प बसा."

मी हसलो. त्यांच्या घराण्यात लेखणी. आमचे खापरपणजोबा होळकरांच्या पागेत होते. पोरीला कोणाच्या तरी सोबतीनं पाठवायची वेळ जगदाळ्यांवर आलेली नाही.

पाठीला शेक घेतला.

१६ ऑक्टोबर

आठवडा संपला. बंदोबस्त झाला नाही, पण विचार पक्का झाला, आणि खरं काम तेच असतं. मुदत वाढवली आहे.

दुपारी खापरपणजोबांची तलवार खाली काढली. नुकतीच दसऱ्याला पूजा झालेली. म्यानातून उपसायला गेलो, बाहेर येईना. दरसाल हळदकुंकू, तूप, गंध, झेंडूची पाकळी. पिढ्यान्‌पिढ्या तोंडाशी साचून थर बसलेला. शांता म्हणाली, "मामंजीही बंद ठेवूनच पूजा करायचे. उघडी कोणी बघितलीच नाही हो." खोबरेल सोडलं. उन्हात ठेवली. भुतानं धरून ठेवल्यासारखी घट्ट.

मग लक्षात आलं की वेळेवर ती आपोआप निघेल. वीराच्या हातात निघतेच.

कमलनं आज क्लासचं नाव काढलं नाही. तोंडावर तजेला आहे. माझ्यावर विश्वास बसला, असं दिसतं.

१९ ऑक्टोबर

गल्लीचं रक्षक दल स्थापन केलं. सभा आमच्या घरी. शांतानं पोहे केले. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष श्रीकृष्णराव, त्यांची तयारी नसताना. भाषणं चांगली झाली. शरद वकिलांनी तर टेबलावर मूठ आपटली. गस्त कोणी कधी घालायची हा विषय निघाला आणि सगळे उठले. दिवे लागायच्या आत घरी पोचायला हवं, रस्ता चांगला नाही, म्हणाले.

पोहे संपले. दल कायम आहे.

२१ ऑक्टोबर, दुपार

आज. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा. कारणात "फॅमिली मॅटर" लिहिलं. तलवार जुन्या धोतरात गुंडाळली. मी एकटाच जाणार. कमल उद्यापासून क्लासला जाईल, ताठ मानेनं, आणि लोक म्हणतील, ती बघा दौलतरावांची मुलगी.

ती आणि शांता दोघी घरात नाहीत. बरंच झालं. अडवलं असतं.

२३ ऑक्टोबर

काल लिहायला जमलं नाही. कोठडीत होतो.

झालेलं जसं झालं तसं लिहितो. दिवेलागणीच्या सुमाराला पुलावर उभा राहिलो. गेंदा आला. गुंडाळलेल्या धोतराकडे बोट करून म्हणाला, "रावसाब, ये क्या ले आए? लौकी है क्या?" हा दुधी भोपळा नव्हे हे कळावं म्हणून मी त्याला खापरपणजोबांचा इतिहास सांगितला. तो त्यानं पूर्ण ऐकून घेतला, एवढं मान्य करावं लागेल. मग मी तलवार उपसली. म्हणजे उपसायला लागलो. लोक जमले. मी ओढतोय, ती येत नाही. शेवटी गेंदाला दया आली. म्हणाला, "जंग लग रिया है. आप मूठ पकड़ो, मैं म्यान पकड़ता हूँ. जोर से, हां."

दोघांनी जोर लावला. मूठ आणि वीतभर पातं माझ्या हातात आलं. बाकीची तलवार म्यानातच मोडून राहिली. मी पुलावर बसलो. मुद्दाम नव्हे.

आणि त्या पुलावर जन्मात न दिसलेला शिपाई त्याच क्षणी हजर! विनालायसन हत्यार, सार्वजनिक रस्ता, मूठ माझ्या हातात. चौकीवर मिसरजींनी यावेळी पेन्सिल लगेच उचलली. म्हटलं, आता तक्रार कशी लिहिता? म्हणाले, "अब तो मामला बन गया ना साब." पंच म्हणून गेंदाचा अंगठा घेतला. पंचनाम्यात वेळ लिहायची होती. गेंदानं खिशातून घड्याळ काढून सांगितली. माझं घड्याळ. मी ओरडलो, हाच तो पुरावा! मिसरजी म्हणाले, एका वेळी एकच केस.

श्रीकृष्णरावांकडे जामिनासाठी निरोप पाठवला. ते बेटम्याला गेल्याचं कळलं. रक्षक दलाच्या इतरांचीही त्याच दिवशी बाहेरगावी कामं निघाली.

आज सकाळी जामीन राहिल्या अरुंधतीबाई. कमलच्या ट्रेनिंग क्लासच्या मुख्य बाई. फौजदारसाहेब त्यांना बघून उठून उभे राहिले. कमलच त्यांना घेऊन आली होती. बाहेर पडताना मी बाईंना म्हणालो, मुलीचा क्लास बुडाला, पण परीक्षेला बसू द्या, चूक परिस्थितीची आहे. बाई म्हणाल्या, "कुठला क्लास बुडाला? कमल एक दिवस चुकली नाही."

मी कमलकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळ

विचारून घेतलं. मी बंदी घातली त्याच दिवसापासून शांता तिला जेवणानंतर स्वतः पुलापलीकडे सोडते. परत येताना कमल मिलमधून सुटलेल्या बायकांच्या घोळक्यात येते. पुढे द्वारकाबाई असते, गेंदाची मावशी. तिला बघितलं की गेंदा कठड्याला लागून उभा राहतो आणि नमस्कार करतो. मी लांबच्या पुलानं येतो, म्हणून मला कधी कोणी दिसलं नाही.

शांताला विचारलं, मला का सांगितलं नाही? म्हणाली, "तुम्ही बंदोबस्तात होता."

मला राग आला. मग तो कोणाचा ते सापडेना. तलवार घेऊन मी कोणासाठी गेलो होतो? जिच्यासाठी गेलो ती तर रोज त्याच पुलावरून येत होती. बसून राहिलो. जेवलो नाही. मग जेवलो.

२५ ऑक्टोबर

जामिनाची अट अशी: आजपासून केस उभी राहीपर्यंत रोज संध्याकाळी चौकीवर हजेरी. तिथून लांबच्या पुलाला जायला रस्ता नाही. घरी यायचं तर हाच पूल.

आज हजेरी देऊन बाहेर आलो. अंधार पडत होता. पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. कठड्याजवळ बिडी पेटलेली दिसत होती. धोतराचा सोगा सारखा केला. पुन्हा सारखा केला. पाय उचलेना. भीती वाटत होती. ती पहिल्या दिवसापासून होती.

मागून मिलच्या बायका आल्या. कमल त्यांच्यात होती. द्वारकाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बायकांना म्हणाली, "सरको री, भैया को बीच में लो."

मी मधे चाललो. पुलावर कमलनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही.