द्वादशीचा काढा

रुचा,

हॉस्पिटलमधून फोन आला, बाबांकडे लगेच बोलावलंय. तुझा फोन बंद लागतोय. दुकानातल्या तुझ्या अर्धवेळ कामाला, बाइतोला, आज सुट्टी सांग आणि सरळ तिकडेच ये. डॉक्टरांचं जपानी मला उमगत नाही.

निघण्याआधी तुझ्या खोकल्याचा काढा गरम करून घे. फिका लागेल, आज द्वादशी, तुळस तोडत नाहीत. "खोकल्याला तिथी कळते का गं?" असं बाबा दर वेळी विचारतात. भूकंपापासून दाराशी ठेवलेल्या बॅगेत ज्येष्ठमध आहे, तो तोंडात धर.

माझा कालचा उपास सुटायचाय, पण डबा आणू नकोस.

देवघरातली गंगेची कुपी शोधू नकोस. ती आणि बाबांसाठी दशमीलाच काढून ठेवलेलं तुळशीचं एक पान मी बरोबर नेलंय.

आई