चावी माझ्या कमरेला असताना

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरलेला नाही. कारेगावच्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पाइपात गळक्या जॉइंटवर आतून रबराची पट्टी बसवत होतो. आमच्यात रीत आहे, जो आत उतरतो तो व्हॉल्व्हची चावी कमरेला बांधून नेतो. तो बाहेर आल्याशिवाय पाणी सुटत नाही. चावी माझ्याजवळच होती, तरी गुडघ्यांना गार पाणी लागलं आणि वाढायला लागलं. पट्टी तशीच टाकून मॅनहोलपर्यंत रांगत आलो. मनात देवाचं नावसुद्धा आलं नाही.

वर सुपरवायझर दत्ता मोठा पाना घेऊन उभा. चावी नव्हती म्हणून पान्यानं व्हॉल्व्ह फिरवला होता.

"मामा, थोडंच फिरवलं. गळती थांबली का बघत व्हतो. साहेबाचे सारखे फोन येत्यात."

"मी आत हाय, ठाऊक न्हवतं?"

"व्हतं की. पर तुमाला पोहता येतंय ना?"

बाकीचे हसले. माझ्यासारखेच पाइपात उतरणारे, तेही हसले. चावी कमरेला बांधायची ती मग कशासाठी? हे त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

घरी येऊन देवापुढं दिवा लावला. रोज गँगमधल्या सगळ्यांचं भलं मागतो. आज दत्ताचं नाव वगळलं.

काम अर्धं राहिलंय. उद्या दत्ता माझ्यापुढं आत रांगला तरच मी उतरणार. कामावरून काढलं तरी चालेल. राग काढून घे, असं देवाला म्हणालो नाही. उद्या सकाळपर्यंत हा राग मला हवा आहे.