रफूचं दुकान कोणाला, ते लिहून ठेवते

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी (निकाल आणायला गेलेच नाही), धंदा रफू, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, दुकानातल्या खिडकीपाशी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या देखत पहिल्या झटक्यात सुई ओवली, त्यांनी तसं लिहून दिलं आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे सासरे केव्हाच गेले. उलट लिहायला मला फार मजा येते आहे. मजकूर किळसवाणा आहे, त्याला इलाज नाही.

कलम १. दुकानामागच्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना मिळून. मधे भिंत घालायची नाही. बँकेत जे आहे ते नातीच्या शिक्षणाला. काय शिकायचं ते तिला विचारा, माझ्या फोटोला विचारू नका.

कलम २. दुकान. आता सगळ्यांचे कान टवकारले असतील, तर आधी ऐकून घ्या.

नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता आणि मला फक्त बटण लावता यायचं. नवऱ्याची जुनी कामं उसवून उसवून मी रफू शिकले. गिऱ्हाईक कसं टिकवायचं ते मात्र शिव्या खाऊन शिकले. कपडा घेताना गिऱ्हाइकासमोरच उजेडाकडे धरायचा आणि प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढायचा, म्हणजे नंतर ‘हे तुम्हीच पाडलंत’ असं होत नाही. काम चार दिवसांचं असेल तर सहा सांगायचे आणि पाचव्या दिवशी द्यायचं. धागा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा. तासभर जातो, जाऊ दे. आणि कपडा परत देताना दारात, उन्हात दाखवायचा. खोट राहिली असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपण तिच्यावर बोट ठेवायचं. एवढ्यावर हे दुकान पन्नास वर्षं चाललं आहे.

आता मुलगा. हात माझ्याहून चांगला, हे मी शपथेवर लिहिते. पण सवयी बघून शिसारी येते. तेलकट बोटांनी कपडा धरतो. गिऱ्हाईक बोलत असताना फोनमध्ये बघून हसतो. धागा ओढायच्या हुकाने कान कोरतो आणि तोच हुक लोकांच्या रेशमात घालतो. हे लिहितानासुद्धा मधे उठून पाणी प्यायले.

बँडवाल्याचा लाल कोट याच्याकडे आला होता. छातीवर कसरीने खाल्लेलं भोक. याने दुमडीतला धागा काढायचा कंटाळा केला आणि डब्यातला लाल धागा वापरला. ट्यूबच्या उजेडात ठीक दिसलं. उन्हात नेलं तर टोमॅटो फुटल्यासारखं. मग कोट लपवला. सोमवारी बँडवाला आला, तर म्हणे मशीन बिघडलंय. रफूला मशीन लागत नाही! मंगळवारी म्हणे आईला बरं नाही. आणि काल, बुधवारी सकाळी, म्हणाला, “आई गेली.”

मी पडद्यामागे चहात बिस्किट बुडवत होते. ते तुटून चहात पडलं.

दुपारी बँडवाला फुलं घेऊन मागच्या दाराने आला. डोळे भरलेले. दार मीच उघडलं.

“काकू, तुम्ही?”

“मीच. ये, बस. फुलं छान आहेत, दे इकडे.”

मुलगा भिंतीला चिकटून म्हणाला, “अगं आई, तोंडातून गेलं.”

“तोंडातून गेलं? चांगली पोचवून आलास की मला!”

सुनेने कपाटामागून कोट काढला, बँडवाल्याला दारात उन्हात नेलं आणि रफूवर बोट ठेवलं. “दादा, हे आमच्याकडून चुकलंय. दुसऱ्या धाग्याने केलंय. उसवून नीट करून शुक्रवारी देतो. शनिवारी तुमचं वाजवायचं काम आहे ना?”

त्याने कोट उलटून आतून पाहिला. मग म्हणाला, “चालेल. काकू तोवर असल्या म्हणजे झालं.”

लाजेने मी अर्धी झाले आणि सुनेकडे बघून दुप्पट झाले.

म्हणून लिहिते: दुकान, त्याची किल्ली, गल्ला आणि तारखांची वही सुनेच्या एकटीच्या नावे. कोणत्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तीच सांगेल.

मुलाला खिडकीजवळचं माझं स्टूल आणि सुयांची पेटी, पण एका अटीवर. हा कोट त्याने दुमडीतल्या धाग्याने परत रफू करायचा. सुनेने तो उन्हात दाखवायचा. बँडवाल्याला रफूची जागा सापडली, तर स्टूल आणि पेटी सुनेकडे, आणि याने दुसरीकडे नोकरी बघायची. तिथे तरी आईला मारू नये.

कलम ३. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर लागू व्हायचं असतं असं नात म्हणते. माझा मृत्यू मुलाने काल जाहीर केलाच आहे. तेव्हा कालपासून लागू समजावं.

सही: दुकानवाल्या आजी
ठिकाण: दुकान, खिडकीपाशी
तारीख: २० नोव्हेंबर, गुरुवार

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सुई ओवताना पाहिली.)
साक्षीदार २: बँडवाला

खाली, शुक्रवारी, बँडवाल्याच्या अक्षरात: कोट दारात उन्हात पाहिला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला. जागा सापडली नाही.

त्याखाली माझ्या अक्षरात: चष्मा लावून मीही शोधली. नाही सापडली. स्टूल त्याचं. हुक मी फेकून दिला आहे, नवा घ्यावा.